फिश फाइंडर घेताय? आधी आपलं पाणी ओळखा, मग पैसे मोजा

१ जूनला मासेमारी बंद होते आणि ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात. बोटी शाकारल्या, जाळी विणायला घेतली, की बंदरावर एक विषय हमखास निघतो तो नवीन मशीनचा. मिरकरवाडा असो, हर्णै असो की साखरीनाटे, कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतं. पडद्यावर लाल-पिवळे ठिपके दिसतात आणि खाली लिहिलेलं असतं, "मासा कुठे आहे ते आता मशीन सांगणार". तरुण पोरं वडिलांच्या मागे लागतात. वडील म्हणतात, आमच्या वालिदांनी पाण्याचा रंग बघून मासा मारला, आम्हाला मशीन कशाला?

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. फिश फाइंडर हे कामाचं यंत्र आहे, पण ते जादू नाही. योग्य यंत्र योग्य जागी बसलं तर डिझेल वाचतं, जाळं खडपात फाटत नाही, खाडीत शिरताना बोट गाळात रुतत नाही. चुकीचं यंत्र घेतलं, तेही व्याजाच्या पैशांनी, तर हंगाम सुरू व्हायच्या आधीच घर कर्जात जातं. कोकण किनाऱ्यावरच्या आपल्या अनेक दालदी कुटुंबांचं सगळं घर एका बोटीवर चालतं. म्हणून हा विषय फक्त मालक आणि तांडेल यांचा नाही, घरातल्या सगळ्यांचा आहे.

या लेखाचा सारांश आधीच सांगतो. पडद्याचा आकार आणि कंपनीचं नाव बघून मशीन घेऊ नका. आपण किती वाव पाण्यात, कोणतं जाळं टाकतो, ते आधी ठरवा. आणि सगळे पैसे पडद्यात घालू नका. बोटीच्या तळाला बसणारा सेन्सर आणि त्याचं फिटिंग यांच्यासाठी वेगळे पैसे ठेवा.

मशीन नक्की काय दाखवतं?

फिश फाइंडरमध्ये कॅमेरा नसतो. बोटीच्या तळाला बसवलेला सेन्सर पाण्यात आवाज सोडतो. त्याला ट्रान्सड्युसर म्हणतात. तो आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर वेगाने जातो. तळाला किंवा माशाला आपटून तो परत येतो आणि जायला-यायला किती वेळ लागला यावरून मशीन खोली काढतं. २० वाव म्हणजे साधारण ३६ मीटर पाणी असेल, तर आवाज सेकंदाच्या विसाव्या भागात तळाला जाऊन परत येतो.

मासे शोधण्यासाठी या तत्त्वाचा पहिला व्यावहारिक वापर जपानमध्ये झाला. नागासाकी भागातल्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली असं यंत्र बाजारात आणलं. आजची यंत्रं रंगीत आहेत, लहान आहेत, पण मूळ काम तेच आहे.

यातून दोन गोष्टी समजून घ्या. पहिली, मशीन फक्त बोटीच्या खालचं दाखवतं. पुढे अर्ध्या मैलावर काय आहे ते साध्या फिश फाइंडरला कळत नाही. त्याला वेगळं सोनार लागतं, आणि त्याची किंमतही वेगळी असते. दुसरी, पडद्यावर उजव्या कडेला जी उभी रेघ असते तीच फक्त "आत्ता" आहे. डावीकडे सरकलेलं सगळं मागे गेलेलं आहे. पडद्याच्या मधोमध थवा दिसला म्हणून तिथेच जाळं सोडलं, तर तो थवा आपण केव्हाच मागे टाकलेला असतो.

घोळीचं बोत आणि पडद्यावरचा लाल रंग

घोळ सापडली की तिच्या बोताला काय भाव येतो हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. बोत म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. फिश फाइंडरला सगळ्यात ठळक दिसते ती हीच पिशवी. आवाज हवेला आपटला की जोरात परत येतो. माशाचं मांस मात्र बरंचसं पाण्यासारखंच असतं, त्यामुळे त्याच्यावरून आवाज कमी परततो.

म्हणून ज्या माशाला ही पिशवी आहे तो पडद्यावर ठळक दिसतो. घोळ आणि तिच्या जातीचे मासे, बांगडा, तारली यांचे थवे चांगले उमटतात. सुरमईला अशी पिशवी नसते. मुशी आणि पाकट यांनाही नसते. त्यामुळे मोठी सुरमई खालून गेली तरी पडद्यावर फिकट खूण येऊ शकते, आणि लहान माशांचा दाट थवा मात्र भडक लाल दिसतो. कोळंबी तळाला चिकटून असते, ती वेगळी दिसणं कठीणच.

म्हणून "लाल म्हणजे मोठा मासा" हे गणित चुकीचं आहे. लाल म्हणजे जोरदार परतलेला आवाज, एवढंच. कोणती जात आहे ते मशीन सांगत नाही. ते तांडेलाचा अनुभव सांगतो. महिना कोणता, पाण्याचा रंग कसा, उधाण की भांग, कोणत्या खोलीला थवा उभा आहे, हे सगळं जुळवून ओळख पटते. वडिलांचं ज्ञान मशीन आल्यावर निकामी होत नाही. उलट, त्या ज्ञानाशिवाय पडदा वाचताच येत नाही.

आधी ठरवा: पाणी किती, जाळं कोणतं?

दुकानात जायच्या आधी घरी बसून मागच्या हंगामाची आठवण काढा. सगळ्यात जास्त दिवस किती वाव पाण्यात होतो? सगळ्यात खोल किती गेलो? या दोन आकड्यांवर खरेदी ठरते.

मग जाळं बघा. प्रत्येकाची गरज वेगळी असते.

- ट्रॉलर: तळ कसा आहे हे कळणं महत्त्वाचं. चिखल आहे की खडप, चढ आहे की उतार. इथे तळ नीट वाचणारं मशीन जाळ्याचा खर्च वाचवतं.
- पर्ससीन: थव्याची खोली आणि उंची कळली पाहिजे, म्हणजे जाळं त्याच्या खालून जाईल की नाही ते समजतं.
- गिलनेट: खोली, तळ आणि जागेची नोंद पुरेशी. फार महागड्या मशीनची गरज पडत नाही.
- गरीने मासेमारी: खडपाची नेमकी जागा सापडणं आणि तिथे परत येता येणं हेच खरं काम. इथे जीपीएस असलेलं मशीन उपयोगी पडतं.
- डोल: जाळं ठरलेल्या जागी, खुंटाला बांधलेलं. इथे फिश फाइंडरचा फायदा कमीच. साधं खोलीमापक पुरतं.
- खाडीतली लहान होडी: दोन-चार वाव पाण्यात हजारोंचं मशीन घेण्यापेक्षा तेच पैसे लाइफ जॅकेट आणि इंजिनाच्या दुरुस्तीत घातलेले बरे.

५० की २००? आवाजाचा कोन समजून घ्या

मशीनच्या खोक्यावर ५०/२०० किलोहर्ट्झ असं लिहिलेलं असतं. ही आवाजाची पट्टी. ५० चा आवाज जाड, खोलवर जाणारा आणि रुंद पसरणारा. २०० चा आवाज बारीक, कमी खोलीचा, पण तपशील चांगला देणारा.

आवाज टॉर्चच्या झोतासारखा खाली पसरत जातो. समजा २०० वर झोताचा कोन २० अंश आहे आणि पाणी २० वाव आहे. तर तळाशी साधारण १२-१३ मीटर रुंदीचं वर्तुळ दिसतं. ५० वर कोन ४० अंश धरला तर तेच वर्तुळ २६ मीटरचं होतं. रुंद झोतात जास्त जागा येते, पण बाजूचा मासा नेमका कुठे आहे ते कळत नाही, आणि तळाशी चिकटलेला मासा तळातच मिसळून जातो.

उथळ आणि मध्यम पाण्यात काम असेल तर २०० ची बाजू जास्त वापरली जाते. खोल पाण्यात जाणाऱ्याला ५० लागते. दोन्ही असलेलं मशीन घ्यावं आणि दोन्ही पट्ट्या पडद्यावर शेजारी-शेजारी लावून बघायची सवय करावी.

हल्ली "चर्प" नावाची यंत्रं मिळतात. ती एकाच पट्टीवर आवाज न सोडता खालपासून वरपर्यंत पट्टी फिरवतात. फायदा असा, की जवळजवळ असलेले दोन मासे वेगळे दिसतात, आणि तळालगतचा मासाही तळापासून सुटा दिसतो. परवडत असेल तर चर्प घ्यावं. मात्र त्याला चालणारा सेन्सरही चर्पचाच हवा.

बाजूला बघणारे आणि चित्रासारखं दाखवणारे प्रकार जाहिरातीत छान दिसतात. ते खूप बारीक आवाजावर चालतात आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यात असा आवाज लवकर विरतो. तलावात गळ टाकणाऱ्याला त्यांचा उपयोग. आपल्या बोटीला त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज बहुतेक वेळा नसते. ऑनलाइन मिळणारे पाण्यात टाकायचे वायरलेस चेंडूही तलावासाठीच असतात.

वॅटच्या आकड्याने फसू नका

एका खोक्यावर ५०० वॅट, दुसऱ्यावर ४००० वॅट. किंमत जवळपास सारखी. माणूस साहजिकच ४००० वालं उचलतो. प्रत्यक्षात दोन्हींची ताकद एकच असू शकते. एक आकडा आरएमएस मधला असतो, दुसरा पीक-टू-पीक. पीक-टू-पीक आकड्याला ८ ने भागलं की आरएमएस निघतो. ४००० भागिले ८ म्हणजे ५००. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "आरएमएस किती?" तुलना नेहमी त्याच आकड्याची करा.

खोलीचंही तसंच आहे. "७०० फूट खोली" असं लिहिलेलं असलं तर ती गोड्या पाण्यातली की खाऱ्या, हे विचारा. खाऱ्या पाण्यात, गढूळ पाण्यात आणि बोट हलत असताना पल्ला कमी होतो. आपली सगळ्यात जास्त खोली जितकी, त्याच्या दुपटीची क्षमता खाऱ्या पाण्यात असेल, तर मशीनवर ताण येत नाही.

आणखी एक. मशीनची आणि सेन्सरची ताकद जुळली पाहिजे. १ किलोवॅटच्या मशीनला ३०० वॅटचा सेन्सर लावला तर तो जळू शकतो.

सेन्सर: निम्मं काम इथेच होतं

चांगलं मशीन घेऊनही "काही दिसत नाही" अशी तक्रार येते, तेव्हा चूक बऱ्याचदा फिटिंगची असते. म्हणून हे नीट वाचा.

लाकडी बोट असेल तर सेन्सर तळाला भोक पाडून, पाण्याला थेट लागेल असाच बसवावा लागतो. लाकडातून आवाज नीट जात नाही. त्यासाठी पितळी वर्गातल्या ब्राँझ धातूचं कवच असलेला सेन्सर घ्या. प्लास्टिकचं कवच लाकडी तळात वापरू नये. लाकूड पाण्याने फुगतं आणि प्लास्टिकला तडा जातो. तडा म्हणजे तळातून पाणी आत.

फायबरची बोट असेल आणि तळ भरीव फायबरचा असेल, तर सेन्सर आतून चिकटवूनही चालतो, भोक पाडावं लागत नाही. पण तळाच्या थरांमध्ये फोम, प्लायवूड किंवा हवा असेल तर हे जमत नाही. कायमचं चिकटवण्याआधी तळात थोडं पाणी घेऊन, त्यात सेन्सर धरून, बोट पाण्यात असताना चाचणी करा. भरीव तळातूनही थोडा आवाज कमी होतोच.

मागे लावलेल्या इंजिनाच्या लहान बोटीला मागच्या फळीवर बसणारा सेन्सर चालतो.

जागा कोणती? पंख्याच्या बरीच पुढे, बोटीच्या मधल्या भागाकडे, जिथे पाणी शांत आणि बुडबुड्यांशिवाय वाहतं. बुडबुडा म्हणजे हवा, आणि हवा आवाज अडवते. सेन्सरचं तोंड सरळ खाली असलं पाहिजे. तळ तिरका असेल तर त्या तिरकेपणाला जुळणारा लाकडी किंवा फायबरचा ठोकळा लावून ते सरळ करावं. सेन्सरची वायर इंजिनाच्या आणि डायनामोच्या वायरींपासून लांब न्यावी. वायर लांब वाटली तरी कापू नये, गुंडाळून ठेवावी.

हे सगळं काम बोट किनाऱ्यावर असतानाच होतं. म्हणजे बंदीचे दोन महिने हीच योग्य वेळ. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात घाईने भोक पाडायला लावू नका. बोट जमिनीवर असताना मशीन जास्त वेळ चालूही ठेवू नका, पाण्याबाहेर सेन्सर खराब होऊ शकतो.

दर वर्षी बोट वर आली की सेन्सरच्या तोंडावर चिकटलेले शंख-शिंपले हलक्या हाताने काढा. पत्र्याने खरवडू नका आणि त्यावर तळाचा जाड रंग थापू नका.

पडदा, जीपीएस आणि बॅटरी

पडदा असा हवा की भर दुपारी उन्हात दिसेल. दुकानाच्या सावलीत सगळेच पडदे सुंदर दिसतात, म्हणून दुकानाबाहेर आणून बघा. ओल्या हाताने टचस्क्रीन नीट चालत नाही, त्यामुळे बटणं असलेलं मशीन समुद्रावर सोयीचं. पाण्यापासून संरक्षणासाठी आयपीएक्स ७ असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकण्याची चाचणी झालेली आहे.

जीपीएस एकत्र असेल तर चांगलं. खडपाची जागा, जाळं अडकलेली जागा, खाडीत शिरायची वाट, सगळं जतन करता येतं. हे आकडे वहीतही लिहून ठेवा. मशीन बिघडलं तर वडिलोपार्जित जागा हरवायला नकोत.

बहुतेक लहान मशीन १२ व्होल्टवर चालतात. समजा मशीन १ अँपिअर घेतं, तर दहा तासांत बॅटरीतले १० अँपिअर-तास जातात. इंजिन सुरू करायची बॅटरी त्यानेच उतरली तर समुद्रात अडकायची वेळ येते. वेगळी बॅटरी किंवा निदान वेगळा फ्यूज असावा.

दुबईहून भाऊ आणतोय, घ्यावं का?

आपल्या कित्येक घरांतला एखादा मुलगा आखातात असतो. सुट्टीवर येताना मशीन घेऊन येतो. भावाचं प्रेम मोठं, पण आधी चार गोष्टी तपासा.

वॉरंटी भारतात चालते का? बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी विकल्या त्या देशापुरती असते. सोबत आलेला सेन्सर कोणता आहे? स्वस्तातल्या खोक्यात बहुतेक मागच्या फळीवर लावायचा प्लास्टिकचा सेन्सर असतो, आणि आपली बोट लाकडी असेल तर तो कामाचाच नाही. ब्राँझचा वेगळा घ्यावा लागला की स्वस्ताई संपली. नकाशात आपला किनारा आहे का? आणि विमानतळावर कस्टमला दाखवून, लागेल ती ड्युटी भरून आणा, पावती जपून ठेवा. लपवून आणलेली वस्तू बरकत देत नाही आणि बिघडली तर दाद मागता येत नाही.

जुनं मशीन घेत असाल तर ते विकणाऱ्याच्या बोटीवर, पाण्यात चालू करूनच बघा. टेबलावर लागलेला पडदा काहीच सिद्ध करत नाही.

पैसा कुठून आणायचा?

लहान संच काही हजारांत मिळतो, मोठा लाखाच्या घरात जातो. हिशेब नेहमी पूर्ण करा: मशीन, सेन्सर, ठोकळा, वायर, बॅटरी, मिस्त्रीची मजुरी.

एक उदाहरण घेऊ. समजा सगळं मिळून ६० हजार रुपये लागले. वर्षाला १०० फेऱ्या होतात आणि मशीन तीन वर्षं चाललं, तर ३०० फेऱ्या. म्हणजे फेरीमागे २०० रुपये. फेरीला दोन-अडीच लिटर डिझेल वाचलं तरी मशीनने आपला खर्च काढला. तेवढंही वाचणार नसेल, तर तुमच्या बोटीला ते मशीन नको.

आता हेच ६० हजार कुणाकडून महिना ३ टक्के व्याजाने उचलले तर? महिन्याला १,८०० रुपये. वर्षाला २१,६०० रुपये फक्त व्याजाचे, मुद्दल तसंच उभं. व्यापाऱ्याकडून उचल घेतली तर आणखी एक बेडी पडते. मासा त्यालाच, त्याच्या भावाने द्यावा लागतो. किलोमागे पाच-दहा रुपये कमी मिळाले तर ते वहीत व्याज म्हणून दिसत नाही, पण घरातून जातातच. सूद हराम आहे हे आपण जाणतोच. इथे त्याचं दुनियेतलं नुकसानही डोळ्यांसमोर आहे.

मग पर्याय काय? घरातलं बचतीचं, नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना, गावच्या बैतुलमालमधून बिनव्याजी मदत. दुकानदार हप्त्याने देत असेल तर एकूण किंमत आणि मुदत सुरुवातीलाच ठरवून, लिहून घ्या. ठरलेली किंमत पुढे वाढणार नाही आणि उशीर झाला तर दंडाच्या नावाने व्याज लागणार नाही, हे कागदावर असू द्या. फायनान्स कंपनीच्या "बिनव्याजी" हप्त्यात फी आणि दंडाच्या अटी बारीक अक्षरांत असतात. शंका असेल तर तो कागद आपल्या आलिम साहेबांना दाखवा, मगच सही करा.

सरकारी मदतीचीही चौकशी करा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला खर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अशी मदतीची रचना ठेवली गेली. कोणती उपकरणं सध्याच्या यादीत आहेत ते जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा आपल्या मच्छीमार सोसायटीत विचारा. विचारणा खरेदीच्या आधी करा. आधी घेऊन मग बिल पुढे केलं तर फाईल अडू शकते.

आणि खलाशांचा हक्क विसरू नका. डिझेल, बर्फ, रेशन वजा जाऊन वाटे पडतात. मशीनचा खर्च त्यातून कापायचा असेल तर हंगाम सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर बोला. किती कापणार, किती फेऱ्या कापणार, आणि पैसे फिटल्यावर कापणं बंद होणार का? मशीन मालकाचं राहणार आणि पैसे खलाशाच्या वाट्यातून जाणार, हे न सांगता करणं म्हणजे अमानतीत खोट.

जकातीबद्दलही लोक विचारतात. बोट, जाळी, मशीन ही धंद्याची अवजारं आहेत, त्यांच्या किमतीवर जकात लागत नाही. त्यातून आलेला आणि वर्षभर निसाबइतका साठलेला पैसा मात्र हिशेबात येतो.

बसवल्यावर पहिले काही दिवस

पूर्ण पैसे द्यायच्या आधी पाण्यात चाचणी घ्या. ओळखीच्या जागी जा, दोरीला शिसं बांधून खोली मोजा आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघा. मशीन खोली सेन्सरपासून मोजतं, पाण्याच्या वरच्या पातळीपासून नाही. तो फरक सेटिंगमध्ये भरा. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला असतो, ओहोटीला शिरताना हाच फरक बोट वाचवतो. उथळ पाण्याचा अलार्मही लावून ठेवा.

मग बोट हळू, मध्यम आणि पूर्ण वेगात चालवा. वेग वाढताच तळाची रेघ तुटत असेल तर सेन्सरची जागा चुकली आहे. इंजिन सुरू केल्यावर पडद्यावर रेषांचा पाऊस पडत असेल तर वायरींची गडबड आहे. शेजारी दुसरी बोट आल्यावरच तिरक्या रेषा येत असतील तर तो तिच्या मशीनचा आवाज आहे, बिघाड नाही.

माशाचं लहान चित्र दाखवणारी सोय बंद करा. मशीन बुडबुड्याला, जेलीफिशला आणि तरंगत्या कचऱ्यालाही मासा समजतं. खरी खूण बघायला शिका. चिखलाचा तळ बारीक, फिकट दिसतो. खडप जाड आणि भडक दिसतो, कधी त्याच्या खाली दुसरी रेघही उमटते. एकटा मासा कमानीसारखा, थवा ढगासारखा.

पहिले दोन महिने एक वही ठेवा. पडद्यावर काय दिसलं, किती वावावर, आणि जाळ्यात काय आलं. शिकलेला मुलगा किंवा मुलगी घरी बसून हे लिहून ठेवू शकते. एका हंगामानंतर ही वही मशीनइतकीच मोलाची होते.

मशीन घ्यायच्या आधीच एक फुकटची सोय वापरायला लागा. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहाच्या मदतीने समुद्राचं तापमान आणि हिरवट वनस्पतींचं प्रमाण बघून मासा मिळण्याची शक्यता असलेली क्षेत्रं कळवते. कुठल्या भागात जायचं ते तिथून कळतं, आणि त्या भागात पोचल्यावर बोटीखाली काय आहे ते फिश फाइंडर दाखवतं.

मशीन समुद्रात मासा वाढवत नाही

ही गोष्ट मनात पक्की ठेवली पाहिजे. पडद्यावर दिसलेला प्रत्येक थवा उचलायचा नसतो. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली आहे. महाराष्ट्रात मासेमारी नियमनाचा १९८१ चा कायदा आहे, त्यात २०२१ साली दंड वाढवण्यात आला. बारीक पिल्लं आली की समजावं, पुढच्या वर्षीचा मासा आज जाळ्यात आला. समुद्राची शिकार आपल्याला हलाल आहे, पण इसराफ कुठेच हलाल नाही.

दुकानात विचारायचे प्रश्न

- आरएमएस वॅट किती?
- खाऱ्या पाण्यात किती खोलीपर्यंत तळ दिसतो?
- सेन्सर कोणत्या धातूचा, आणि माझ्या बोटीच्या तळाला चालेल का?
- मशीन आणि सेन्सरची ताकद जुळते का?
- वॉरंटी किती वर्षांची, सेन्सरलाही आहे का?
- दुरुस्ती कोण करणार, रत्नागिरीत की मुंबईला पाठवावं लागणार?
- फिटिंग किमतीत धरलं आहे का, आणि पाण्यात चाचणी देणार का?
- जीएसटीचं पक्कं बिल मिळेल का?

यातल्या दोन-तीन प्रश्नांवर दुकानदार गोंधळला तर दुसरं दुकान बघा. शक्य असेल तर आपल्यासारखीच बोट आणि जाळं असलेल्या कुणाच्या बोटीवर एक फेरी मारून त्याचं मशीन चालताना बघा.

रिज्क देणारा अल्लाह आहे. पण उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, हीच आपल्याला शिकवण आहे. मशीन घेताना उंट बांधणं म्हणजे आपलं पाणी ओळखणं, हिशेब लिहिणं आणि व्याजापासून लांब राहणं. एवढं झालं की बिस्मिल्लाह करून बोट पाण्यात ढकलावी.